चांदोलीला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शिराळा तालुक्यातल्या घराघरांत पै-पाहुण्यांचे फोन सुरू होतात. पुण्याहून, मुंबईहून, पार नागपूरहूनसुद्धा. वाघ दिसतो का, गाडी आत सोडतात का, मुक्काम कुठं करायचा, एका दिवसात उरकेल का? तेच प्रश्न वारंवार येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली आहेत. निघण्याआधी एकदा सगळं वाचा. विशेषतः गावांविषयीचं उत्तर सोडू नका.

चांदोली आणि कोयना हे एकच जंगल आहे का?

कागदावर दोन, डोंगरात एकच. उत्तरेला सातारा जिल्ह्यात कोयना अभयारण्य आहे आणि दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान. चांदोलीची हद्द सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेली आहे. १९८५ मध्ये हे अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा गाभा सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याभोवतीचा बफर म्हणजे संरक्षक पट्टा धरला तर साडेअकराशेच्या वर. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात चांदोली आणि कोयना आहेत, साताऱ्याचं कास पठार आणि कोल्हापूरचं राधानगरीही आहे.

पर्यटक ज्या बाजूनं चांदोलीत जातात ती बाजू सांगली जिल्ह्याची, शिराळा तालुक्यातल्या मणदूर गावाकडची. या पानावर मुख्यतः त्याच बाजूची माहिती आहे.

वाघ दिसतो का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून स्पष्ट उत्तर देतो: वाघ दिसेल असं धरून येऊ नका.

सह्याद्रीत वाघ आहे. पण हे डोंगरउतारावरचं दाट, सदाहरित जंगल आहे. विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात लांबवर नजर जाते, इथं पंधरा-वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. शिवाय वाघांची संख्या फार कमी. व्याघ्र प्रकल्प झाल्यानंतर कित्येक वर्षं इथला वाघ माणसांना कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोतच भेटला. २०१८ मध्ये असा एक फोटो मिळाला. मग डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत एका नर वाघाची नोंद झाली. त्याच्या अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर कळलं, की तो आधी राधानगरीत दिसलेला होता. म्हणजे गोवा-कर्नाटकाच्या सीमेपासून तिलारी, राधानगरी, चांदोली अशी जी डोंगररांग वर येते, तिच्यातून वाघ आजही चालत येतात. आमच्या दृष्टीनं ही या जंगलाबद्दलची सगळ्यात आशेची गोष्ट आहे. ही वाट मध्येच खाणीनं, रस्त्यानं किंवा बंगल्यांच्या प्लॉटिंगनं तुटली, तर चांदोलीत कितीही पहारा ठेवला तरी उपयोग व्हायचा नाही.

चालत येणारे सगळे नर होते, मादी येत नव्हती. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. आधी बंदिस्त कुंपणात ठेवून, इथल्या हवेची आणि शिकारीची सवय होऊ देऊन, मग तिला मोकळ्या जंगलात जाऊ दिलं. त्यानंतर दुसरी वाघीणही आली. या वाघिणी इथं रुळल्या, त्यांना पिल्लं झाली, तर सह्याद्रीचं चित्र पालटेल. तोवर त्यांना निवांतपणा मिळायला हवा. "वाघीण कुठल्या भागात आहे?" असं वाटाड्याला किंवा वनरक्षकाला खोदून खोदून विचारू नका. ते सांगणार नाहीत आणि त्यांनी सांगूही नये.

मग पाहायला काय आहे?

भरपूर आहे, फक्त घाई नको.

गवा हा चांदोलीचा खरा राजा. सकाळी किंवा उन्हं उतरताना कळप गवतावर येतो. काळाभोर नर, खांद्यावर उंचवटा, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलायचा थांबतो. सांबर, भेकर, रानडुक्कर आहेत. अस्वल आणि बिबट्या आहेत, पण ते नशिबानं दिसतात. कोळसून म्हणजे रानकुत्री, त्यांची टोळी कधी रस्ता ओलांडताना दिसते. पिसोरी हे हरणासारखं दिसणारं अगदी लहान जनावर इथं आहे, पण ते रात्री फिरतं आणि इतकं लाजरं, की जन्मभर इथं राहिलेल्या कित्येकांनी ते पाहिलेलं नाही.

मान वर करून चालायची सवय लावा. उंच झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. एकच शेकरू अशी चार-सहा घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं की तिथंच थांबू नका, आजूबाजूच्या शेंड्यांवर पाहा. तांबूस, लांब झुपकेदार शेपटीचं शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेप घेतं तेव्हा आधी फांदी हलते, मग ते दिसतं. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याला सलग जंगल लागतं, जमिनीवर उतरायला ते घाबरतं. जिथं शेकरू आहे तिथं झाडांची छत्री अजून तुटलेली नाही, एवढं नक्की समजावं.

पक्ष्यांत धनेशाच्या पंखांचा मोठा फडफडाट ऐकू येतो. ओढ्याच्या काठी पहाटे कुणी माणूस शीळ घालत चाललाय असं वाटलं तर तो कस्तुर.

झाडं म्हणाल तर अंजन, जांभूळ, हिरडा, पिसा, ऐन, किंजळ, आंबा, फणस. उन्हाळ्याच्या तोंडाला अंजन फुलतो तेव्हा थांबून जवळ जा. पानांच्या शेंड्याला फूल नसतं, फांदीच्या सालीलाच निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटलेले असतात, आणि खाली जमिनीवर त्याच रंगाचा सडा. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. ते वर्ष साधलं तर उतारच्या उतार जांभळे होतात.

कोणत्या महिन्यात यावं?

साधारण १५ ऑक्टोबर ते १५ जून या काळात उद्यान पर्यटकांना खुलं असतं. पावसाळ्यात बंद. पाऊस लांबला किंवा आतल्या कच्च्या वाटा खचल्या तर उघडायला थोडा उशीरही होतो, म्हणून ऑक्टोबरमधलं बुकिंग करण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळं हिरवंगार असतं, ओढे वाहतात, सड्यांवर म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारांवर फुलं असतात. प्राणी मात्र कमी दिसतात, कारण पाणी आणि चारा सगळीकडे असतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते, पहाटे धुकं आणि दहिवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर लालभडक फुलतात. एप्रिल-मेमध्ये ऊन तापतं, पण पाणवठ्यांवर प्राणी हमखास येतात आणि करवंदं, जांभळं पिकतात.

आम्हाला विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. आणि रविवार टाळून. सलग सुट्ट्यांत गेटवर रांग लागते, जंगलात गाड्यांचा आवाज वाढतो, आणि तुम्ही ज्यासाठी आलात ती शांतताच मिळत नाही.

पावसाळ्यात आलो तर?

उद्यानात जाता येणार नाही, पण परिसर त्या दिवसांत फार देखणा असतो. गुढे-पाचगणीचं पठार, तिथल्या पवनचक्क्या आणि ढग. शाहूवाडी तालुक्याच्या बाजूला उखळूचा धबधबा. वारणा धरणाचा जलाशय, ज्याला वसंत सागर म्हणतात, तो भरत आलेला असतो.

पण या भागातला पाऊस कमी लेखू नका. उद्यानाच्या हद्दीतलं पाथरपुंज हे पाटण तालुक्यातलं गाव राज्यात सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतं, वारणेचा उगम तिकडचाच. खाली रिमझिम असते आणि वर ढगफुटीसारखा कोसळत असतो. ओढ्याचं पाणी पाहता पाहता चढतं. पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावरून गाडी घालू नका, धबधब्याखाली उतरू नका.

कसं पोहोचायचं?

पुणे-कोल्हापूर हमरस्त्यावरून येणाऱ्यांनी पेठ नाक्याला पश्चिमेकडे वळावं. पेठ नाका, शिराळा, कोकरूड, चरण, आरळा, मणदूर. सांगलीहून येणारेही आधी पेठ नाक्याला येतात. कराडहून उंडाळे, शेडगेवाडी मार्गे येता येतं, हा रस्ता डोंगराच्या कडेनं जाणारा आणि जास्त सुंदर आहे. कोल्हापूरहून बांबवडे, मलकापूर मार्गे कोकरूडला निघता येतं.

रेल्वेनं यायचं तर कराड किंवा सांगली जवळ, पुढं एसटी किंवा भाड्याची गाडी. शिराळ्यापर्यंत एसटी सहज मिळते. शिराळ्याहून पुढं वारणावतीकडे जाणाऱ्या गाड्या ठरावीक वेळेच्या आहेत, शेवटची गाडी कधी आहे ते स्टँडवर विचारूनच पुढं जा. पेट्रोल-डिझेल शिराळ्यात किंवा कोकरूडला भरून घ्या.

नकाशावर कोकणातली संगमेश्वरची बाजू अगदी जवळ दिसते, मधून रस्ता असेल असं वाटतं. नाही. मध्ये सह्याद्रीचा कडा आहे. मोबाईलनं तसा रस्ता दाखवला तरी विश्वास ठेवू नका.

परवाना कुठं मिळतो? ओळखपत्र लागतं का?

मणदूरच्या पुढं जाधववाडीला वनविभागाचं केंद्र आहे, तिथून परवाना घेऊन आत जायचं. सगळ्यांची नावं लिहिली जातात, म्हणून आधारकार्ड किंवा दुसरं कुठलंही ओळखपत्र प्रत्येकाकडे असू द्या. माणशी प्रवेशफी, गाडीची फी, कॅमेऱ्याची फी आणि वाटाड्याचं मानधन असे वेगवेगळे आकार असतात. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे इथं आकडे देत नाही. साप्ताहिक सुट्टीचा दिवसही आधी विचारून घ्या, नाहीतर दीडशे-दोनशे किलोमीटर येऊन गेटवरून माघारी जावं लागेल.

सकाळी जितक्या लवकर गेटवर पोहोचाल तितकं चांगलं. दुपारनंतर आत सोडणं बंद होतं, आणि अंधार पडण्याआधी सगळ्यांना बाहेर यावंच लागतं. परवान्याशिवाय आत शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. "गावातल्या ओळखीच्या माणसाच्या आडवाटेनं जाऊ" असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. पकडला गेला तर तुम्ही दंड भरून घरी जाल, तो मात्र इथंच राहणार आहे.

स्वतःची गाडी आत नेता येते का? दुचाकी?

दुचाकी नाही. चारचाकीबाबतचा नियम आणि वनविभागाच्या गाड्यांची सोय हंगामागणिक बदलत आली आहे, परवान्याची चौकशी करताना हेही विचारा. निवड असेल तर वनविभागाचीच गाडी घ्या. वाटा कच्च्या आणि खडकाळ आहेत, खाली घासणारी गाडी अडकते. शिवाय चालकाला जंगल माहीत असेल तर तो योग्य ठिकाणी इंजिन बंद करतो. निम्मं दर्शन तिथं असतं.

वाटाड्या घ्यायलाच हवा का?

हो, आणि नियम नसता तरी आम्ही घ्या म्हटलं असतं. वाटाडे जवळच्या गावांतली मुलं आहेत. ओल्या मातीत उमटलेला खूर तुम्हाला नुसता खड्डा दिसतो. तो सांगतो, हा गव्याचा, दोन चंद्रकोरी समोरासमोर ठेवल्यासारखा, कडा अजून ढासळलेल्या नाहीत, आत पाणी झिरपतंय पण गढूळ आहे, म्हणजे कळप नुकताच गेला. भेकर भुंकलं तर ते कुत्र्यासारखं वाटतं. ते कशाला भुंकलं आणि कुठल्या दिशेला पाहायचं, हे त्यालाच कळतं.

त्याच्याशी आदरानं बोला, त्याला पाण्याची बाटली, डब्यातली भाकरी विचारा. "आज काहीच दाखवलं नाहीस" असं म्हणून त्याचे पैसे कापू नका.

आत कुठवर जाता येतं? झोळंबी म्हणजे काय?

आत जाणारी वाट जनीचा आंबा, विठलाईचं मंदिर, लपणगृह (लपून प्राणी पाहायची जागा) अशी ठिकाणं घेत झोळंबीच्या सड्यापर्यंत जाते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं सपाट पठार. घनदाट झाडीतून गाडी वर येते आणि एकदम आकाश मोकळं होतं, चारी बाजूंनी गवत आणि लांबवर वसंत सागराचं पाणी.

सडा ओसाड दिसतो, म्हणून लोक त्याच्यावर कुठंही चालतात. कृपा करून तसं करू नका. खडकावर बोटभर माती असते, त्यात पावसाळ्यानंतर टीचभर उंचीच्या वनस्पती येतात, त्यातल्या कितीतरी सह्याद्रीच्या सड्यांशिवाय जगात कुठं नाहीत. गुडघे टेकून पाहिलं तर एका हाताएवढ्या जागेत चार-पाच जातींची फुलं मोजता येतील, काही किडे खाणारीसुद्धा. खडकातल्या उथळ खळग्यांत पाणी साचतं, त्यात बेडकांची पिल्लं असतात. त्या पाण्यात हातपाय धुणं, साबण लावणं अजिबात नको. मळलेल्या वाटेवरूनच चाला.

जंगलातली गावं कुठं गेली?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विचारायला हवा.

झोळंबी, गोठणे, रुंदिव, तनाळी, निवळे. ही आज नकाशावरची नावं आहेत, पण ती नांदती गावं होती. वारणेवर धरण झालं, चौतीस टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) जलाशय झाला, काही गावं पाण्याखाली गेली. अभयारण्य झालं, मग उरलेल्यांना उठावं लागलं. घरं, शेतं, देवळं, बापजाद्यांची थडगी सोडून लोक खाली सपाटीला आले. सांगली, कोल्हापूर, सातारा जिल्ह्यांत त्यांच्या वसाहती झाल्या. धरणग्रस्त आणि अभयारण्यग्रस्त हे शब्द या भागात प्रत्येक घराला माहीत आहेत. कुणाला जमीन मिळाली तर ती नापीक, कुणाला पाणी नाही, कुणाचे कागद अजून अडलेले. हक्काच्या जमिनीसाठी या माणसांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ठिय्या दिला.

वाटेत झाडीत चौकोनी दगडी जोतं दिसेल. पायरीचे दोन दगड जागेवर, मधून अंजन किंवा उंबर उगवलेला. एका ओळीत आंबे आणि फणस दिसले तर ते कुणाच्या तरी परड्यातले. त्या फळांवर आता अस्वलं आणि वानरं जगतात. तिथं फोटो काढा, पण जोत्यावर चढून उड्या मारू नका, दगड हलवू नका. देवळापाशी चपला काढा. ती कुणाची तरी कुलदेवता आहे, आणि तिच्या माणसांना आता तिच्या दर्शनाला यायचं तरी परवानगी लागते.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की या जंगलाची किंमत कुणीतरी आधीच मोजली आहे.

मुक्काम कुठं करावा?

वारणावतीला, म्हणजे धरणाच्या वसाहतीच्या भागात, आणि मणदूर, सोनवडे, आरळा या पट्ट्यात राहण्याची सोय होते. उद्यानाच्या आत पर्यटकांना रात्री थांबता येत नाही. घरगुती मुक्काम मिळाला तर तोच निवडा, पैसा गावात राहतो. आदल्या संध्याकाळी येऊन राहणं उत्तम, कारण पहाटेची वेळ साधते.

खायचं काय?

आधी सांगून ठेवलं तर गावात नाचणीची भाकरी, झुणका, खर्डा, हुलग्याचं माडगं, आमटी-भात असं चांगलं जेवण मिळतं. ऐनवेळी आलात तर मिळेलच असं नाही. आत काहीच मिळत नाही, पाणीसुद्धा नाही. डबा न्या, ठरवून दिलेल्या जागीच उघडा, आणि खरकट्यासकट परत आणा. वानरांना खायला देऊ नका. एकदा सवय लागली की ती माणसांच्या अंगावर येतात आणि पुढं गावातल्या परसबागांचा फडशा पाडतात.

मोबाईलला रेंज असते का?

मणदूरपर्यंत कमी-जास्त, आत जवळपास नाही. ऑनलाईन पैसे देण्यावर अवलंबून राहू नका, रोख रक्कम शिराळ्यातूनच काढून घ्या. घरी सांगून ठेवा की सहा-सात तास फोन लागणार नाही.

लहान मुलं आणि वयस्क माणसं येऊ शकतात का?

येऊ शकतात. गाडीनंच फिरायचं असल्यानं चालणं कमी आहे. मात्र रस्ता धक्क्यांचा आहे, पाठदुखी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचार करावा. आत स्वच्छतागृहाची सोय जेमतेम आहे. नेहमीची औषधं बरोबर असू द्या, दवाखाना गाठायचा तर शिराळ्यापर्यंत आणि मोठ्या उपचारांना ईश्वरपूर किंवा कराडपर्यंत जावं लागतं. ईश्वरपूर म्हणजे पूर्वीचं इस्लामपूर, पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील.

कपडे कसे असावेत?

मातकट किंवा हिरवट, पूर्ण बाह्यांचे. लाल-पिवळे-पांढरे भडक रंग नकोत. अत्तर, सेंट लावू नका. बंद बूट घाला. ऑक्टोबरात ओलाव्यात जळवा असतात, चिकटली तर ओढू नका, मीठ लावलं की सुटते. उन्हाळ्यात गवतात गोचिड्या असतात, परतल्यावर अंग तपासा. दुर्बीण असेल तर जरूर आणा, इथं कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

गवा किंवा अस्वल समोर आलं तर काय करायचं?

गाडीत असाल तर गाडीतच राहा, इंजिन बंद, बोलणं बंद. कळपाला रस्ता ओलांडू द्या. एकटा नर रस्त्यात उभा असेल तर हॉर्न वाजवू नका, गाडी मागं घेऊन वाट पाहा. तो जाईल, त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. मान खाली घालून फुसफुसू लागला, पाय आपटू लागला तर तुम्ही फार जवळ गेला आहात.

पायी असताना अस्वल दिसलं तर पळू नका, पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका. अस्वलाची दृष्टी अधू असते, अचानक माणूस जवळ आला की ते घाबरून हल्ला करतं, म्हणून वाटाड्याला सोडून एकट्यानं झाडीत जाऊ नका, लघवीलासुद्धा. आग्या मोहोळाखाली धूर, सिगारेट, आरडाओरडा नको. सह्याद्रीत मधमाश्यांच्या हल्ल्यानं माणसं जायबंदी झालेली आहेत.

दारू, गाणी, चुलीवरचं मटण?

नाही. आतही नाही आणि गेटबाहेर जलाशयाच्या काठीही नाही. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा गव्याच्या खुरात जातात. उन्हाळ्यात एक जळती काडी फेकली तर वणवा अख्खा डोंगर खातो, आणि तो विझवायला इथल्याच वनमजुरांना आणि गावकऱ्यांना झाडाच्या फांद्या घेऊन रात्रभर धावावं लागतं. ड्रोनलाही परवानगी नाही.

प्रचितगडाला जाता येतं का?

प्रचितगड उद्यानाच्या पश्चिम कड्यावर आहे. कोकणातल्या शृंगारपूरहून चढणारी वाट अवघड आहे, शेवटी लोखंडी शिडी. चांदोलीकडून जायचं तर गाभ्याच्या जंगलातून जावं लागतं. दोन्हीकडून वनविभागाची लेखी परवानगी हाती असल्याशिवाय बेत आखू नका.

वासोटा आणि चांदोली एकाच सहलीत होतील का?

दोन दिवस हातात असतील तरच, आणि मधला प्रवास मोठा आहे हे धरून. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला जायचं, तिथं परवाना काढायचा, शिवसागर जलाशयातून लाँचनं सुमारे दीड तास, मग पायथ्याच्या मेट इंदवलीपासून दाट जंगलातून चढण. संध्याकाळच्या आत परत यावंच लागतं, गडावर मुक्कामाला बंदी आहे. पावसाळ्यात तोही बंद. पायात जोर असेल, चालायची आवड असेल तर वासोटा. घरातली सगळी मंडळी बरोबर असतील तर चांदोली.

शाळेची सहल आणायची आहे, काय करावं?

आनंदानं आणा, पण चार मोठ्या बसगाड्या एकदम नको. महिनाभर आधी वनविभागाला पत्र द्या, मुलांची संख्या कळवा, गट पाडा. एका शिक्षकाकडे दहा-बारा मुलांपेक्षा जास्त नकोत. निघण्याआधी वर्गात शेकरू, गवा, धनेश यांची चित्रं दाखवली तर मुलं स्वतः शोधायला लागतात.

फार लहान मुलं असतील तर कडेगाव, पलूस, वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरचं सागरेश्वर अभयारण्य जास्त सोयीचं आहे. साधारण अकरा चौरस किलोमीटरचं, उघड्याबोडक्या टेकड्यांवर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. तिथं चितळं आणि सांबरं चालता चालता दिसतात, आणि तिथली काही चितळं चांदोलीतही सोडण्यात आली आहेत, वाघांना शिकार मिळावी म्हणून. सकाळी सागरेश्वर करून दुपारी मुलं घरी पोहोचतात.